परिषदेत सीटीएफ भरवताना: पहिल्या चॅलेंजपासून स्कोअरबोर्ड गोठवण्यापर्यंत

डेफ कॉन ही हॅकर्सची परिषद १९९३ साली लास व्हेगासमध्ये सुरू झाली आणि १९९६ पासून तिथे 'कॅप्चर द फ्लॅग' म्हणजे सीटीएफ ही हॅकिंगची स्पर्धा खेळली जाते. २००९ मध्ये त्याच शहरात पहिली 'बीसाइड्स' परिषद भरली. मोठ्या परिषदेत जागा न मिळालेली, पण ऐकायलाच हवीत अशी व्याख्यानं तिच्यामागे होती. आज कंप्युटर सुरक्षेच्या बहुतेक लोकपरिषदा याच दोन पायांवर उभ्या असतात: एका दालनात व्याख्यानं, दुसऱ्यात स्पर्धा, आणि सगळा भार स्वयंसेवकांच्या खांद्यावर.

व्याख्यान फसलं तर श्रोत्यांचा अर्धा तास जातो. स्पर्धा फसली तर दीडशे माणसांचा अख्खा दिवस जातो, आणि त्यातले नवखे पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून या लेखात स्पर्धेवर भर आहे. प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून पाहा: खेळाडूचा वेळ कोड्याशी झगडण्यात जातोय, की तुमच्या सर्व्हरशी, वाय-फायशी आणि संदिग्ध प्रश्नांशी? पुढचे आकडे चार जणांच्या ४० टीम आणि ८ तासांची स्पर्धा धरून दिले आहेत. तुमचा आकार वेगळा असेल तर त्या प्रमाणात बदला.

कोणत्या प्रकारची स्पर्धा?

पहिल्या वर्षी 'जेपर्डी' प्रकारच घ्या. वेब, क्रिप्टो (कूटलेखन), रिव्हर्सिंग (तयार प्रोग्राम उलगडणं), पॉन (प्रोग्राममधल्या मेमरीच्या चुकांतून त्याचा ताबा घेणं), फॉरेन्सिक्स (मागे राहिलेल्या खुणांचा तपास) अशा विभागांत सुटी चॅलेंजेस असतात. प्रत्येकातून एक फ्लॅग, म्हणजे ठरावीक साच्यातली अक्षरमालिका, शोधून स्कोअरबोर्डवर टाकायची. एखादं चॅलेंज बिघडलं तरी बाकीची स्पर्धा चालू राहते.

'अटॅक-डिफेन्स'चं आकर्षण सगळ्यांनाच असतं. त्यात प्रत्येक टीमला सारख्याच दुबळ्या सेवा चालवणारा सर्व्हर मिळतो. आपला दुरुस्त करायचा, इतरांचा फोडायचा. आयोजकांचा तपासनीस प्रोग्राम दर काही मिनिटांनी सगळ्यांकडे नवे फ्लॅग पेरतो आणि सेवा चालू आहे का ते पाहतो. हा तपासनीस चुकला तर निर्दोष टीमचे गुण कापले जातात, आणि ते नंतर निस्तरता येत नाही. जेपर्डी दोनदा सुरळीत पार पडल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

चॅलेंजेस: किती आणि कशी

काम १६ आठवडे आधी सुरू करा. १२ आठवडे उरले असताना कल्पनांची यादी पक्की हवी, ८ उरले असताना पहिले खर्डे, ५ उरले असताना परक्या माणसाकडून चाचणी, आणि ३ आठवडे आधी कुलूप. त्यानंतर नवं चॅलेंज आत येणार नाही, कितीही सुंदर असलं तरी. शेवटच्या आठवड्यात घाईघाईने घातलेलं चॅलेंजच स्पर्धेच्या दिवशी रडवतं.

८ तासांना २२ ते २४ चॅलेंजेस पुरतात: ६ अगदी सोपी, ८-९ मध्यम, ६ कठीण आणि २-३ अशी की एखाद-दुसऱ्या टीमलाच सुटावीत. मोजमाप असं ठेवा की पूर्ण नवख्या टीमला पहिल्या तासात तीन तरी सुटली पाहिजेत आणि सर्वोत्तम टीमलाही शेवटच्या तासापर्यंत काहीतरी उरलं पाहिजे. लेखक मंडळींना कठीण चॅलेंज लिहायला आवडतं, त्यामुळे सोपी नेहमी कमी पडतात. ती कोण लिहिणार हे आधी नावानिशी वाटून द्या.

चांगल्या चॅलेंजमध्ये कल्पना एकच असते आणि ती सापडल्यावर 'हेच ते' अशी खात्री पटते. लेखकाच्या डोक्यात काय चाललं होतं याचा अंदाज बांधायला लावणारं चॅलेंज टाकून द्या. चित्रात दडवलेल्या फाइलचा पासवर्ड चित्रातल्या मांजराचं नाव असेल, तर त्यातून कोणी काही शिकत नाही. उघड माहितीतून शोध घेण्याची चॅलेंजेस तुम्हीच तयार केलेल्या काल्पनिक खात्यांवर बेता. खऱ्या माणसाच्या मागे दीडशे जण लावायचे नाहीत, त्याने होकार दिला असला तरी.

प्रत्येक चॅलेंजच्या फोल्डरमध्ये सहा गोष्टी हव्यात: खेळाडूला दिसणारं वर्णन, त्याला मिळणाऱ्या फाइल्स, सर्व्हरवर चढवायचा भाग, फ्लॅग, उत्तराचं टिपण आणि आपोआप फ्लॅग काढणारी सॉल्व्हर स्क्रिप्ट. सॉल्व्हर नसलेलं चॅलेंज स्वीकारूच नका. पुढे तीच स्क्रिप्ट पहारेकऱ्याचं काम करणार आहे.

चाचणी

ज्याने चॅलेंज लिहिलं त्याने तपासलं तर ते तपासलं गेलंच नाही असं समजा. चाचणी करणाऱ्याला खेळाडूला मिळेल तेवढंच द्या, शेजारी बसून इशारे देऊ नका, आणि तो कुठे किती वेळ अडकला ते लिहून घ्या. अनुभवी माणसाला ४० मिनिटं लागली तर सर्वसाधारण टीमचे दोन तास धरा.

चाचणीत मुख्य शोध असतो तो आडवाटेचा, म्हणजे कोडं न सोडवताच फ्लॅगपर्यंत नेणाऱ्या वाटेचा. काही आडवाटा पुन्हा पुन्हा भेटतात. बायनरीमधली, म्हणजे तयार प्रोग्रामच्या फाइलमधली, वाचनीय अक्षरं काढली की फ्लॅग समोर येतो. वेबसाइटच्या मुळाशी गिटचं, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाचं, फोल्डर राहून गेलेलं असतं आणि त्यात सगळा इतिहास असतो. खेळाडूंना दिलेल्या डॉकर इमेजमधून (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेल्या गठ्ठ्यातून) फ्लॅग 'काढून टाकलेला' असतो, पण इमेज थरांनी बनते आणि वरच्या थरात पुसलेली फाइल खालच्या थरात शाबूत असते. बाहेर द्यायची इमेज म्हणून खोट्या फ्लॅगसह मुळापासून बांधायची.

झिप फाइलचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. लेखकाला वाटतं, लांबलचक पासवर्ड लावला की फाइल सुरक्षित. पण झिपची जुनी 'झिपक्रिप्टो' पद्धत वापरली असेल तर पासवर्डची गरजच उरत नाही. आतल्या एखाद्या फाइलचे १२ बाइट्स ठाऊक असले आणि त्यातले ८ सलग असले, तरी आतल्या किल्ल्या काढता येतात. पीएनजी चित्राचे पहिले १६ बाइट्स नेहमी सारखेच असतात. म्हणजे न दाबता तसंच ठेवलेलं एक पीएनजी आत असलं की कुलूप उघडलंच. झिप वापरायचीच तर एईएस ही भक्कम कूटपद्धत निवडा. किंवा हीच खोड मुद्दाम ठेवून तिच्यावरच चॅलेंज बेता, ते फार छान होतं.

तसंच आरएसए या कूटपद्धतीचं. सार्वजनिक घातांक ३, संदेश छोटा आणि पॅडिंग (संदेशाला जोडलेली भर) नाही, असं असलं तर संदेशाचा घन मॉड्युलसपर्यंत, म्हणजे ज्या मोठ्या संख्येने भागून बाकी घ्यायची तिच्यापर्यंत, पोचतच नाही. साधं घनमूळ काढलं की संदेश हाती. तुम्ही ठरवलेला अवघड मार्ग कोणी चालणारच नाही.

पॉन विभागातल्या दोन चुका इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांची पाटी करून लावावी. पहिली म्हणजे बफर. प्रोग्रामचं आउटपुट टर्मिनलऐवजी सॉकेटकडे किंवा पाइपकडे जात असेल तर सी लायब्ररी ते साठवून ठेवते. 'नाव सांगा' ही ओळ खेळाडूला दिसतच नाही आणि त्याला वाटतं सर्व्हर मेला. प्रोग्रामच्या 'मेन' फंक्शनच्या पहिल्याच ओळीत बफरिंग बंद करा आणि दुसऱ्या ओळीत १२० सेकंदांचा अलार्म लावा, म्हणजे सोडून दिलेल्या प्रोसेस आपोआप मरतील.

दुसरी म्हणजे लिबसी, सी भाषेची मूळ लायब्ररी. ६४-बिट लिनक्सवर फंक्शन बोलावताना स्टॅक (फंक्शनची तात्पुरती मेमरी) १६ बाइट्सच्या हद्दीवर असावा लागतो. काही लिबसीमधल्या 'सिस्टम' फंक्शनच्या पोटात अशी सूचना असते की ही हद्द चुकली की प्रोग्राम कोसळतो; इतर आवृत्त्यांत तोच हल्ला बिनबोभाट चालतो. परिणामी खेळाडूचा बरोबर हल्ला त्याच्या लॅपटॉपवर चालतो, तुमच्या सर्व्हरवर मरतो आणि त्याचे दोन तास बुडतात. बायनरीबरोबर सर्व्हरवरची लिबसी आणि लोडर (तिला मेमरीत चढवणारा प्रोग्राम) द्या, जमलं तर डॉकरफाइलसुद्धा.

गुण आणि फ्लॅग

लेखकाने ठरवलेली काठिण्यपातळी हटकून चुकते, म्हणून उतरते गुण वापरा: जितक्या जास्त टीम सोडवतील तितकी चॅलेंजची किंमत कमी. सीटीएफडी या मुक्त स्कोअरबोर्डमध्ये ही सोय तयार मिळते. सुरुवात ५००, तळ १०० आणि उतार (किती टीमनंतर किंमत तळाला पोचते तो आकडा) २० ठेवला, तर पहिली टीम सोडून आणखी ५ टीमनी सोडवल्यावर किंमत ४७५ होते, १० नंतर ४००, १५ नंतर २७५ आणि २० नंतर १००. उताराचा आकडा टीमच्या संख्येच्या निम्म्याच्या आसपास हवा. ४० टीमसाठी तो १०० ठेवलात तर आणखी वीस टीमनी सोडवूनही चॅलेंज ४८४ वरच अडून बसतं आणि सोपं-कठीण हा फरकच मिटतो.

आधी सोडवणाऱ्यांचेही गुण खाली येतात, हे नियमांत ठळकपणे लिहा. 'आमचे गुण कोणी चोरले?' हा प्रश्न त्यामुळे वाचतो. बरोबरी झाली तर जो त्या गुणसंख्येवर आधी पोचला तो पुढे.

फ्लॅगचा साचा एकच ठेवा: परिषदेचं लघुनाव आणि महिरपी कंसात मजकूर. लहान-मोठ्या लिपीचा भेद चालणार की नाही ते सांगा. मजकुराच्या शेवटी आठ-दहा यादृच्छिक अक्षरं जोडा, नाहीतर अर्धा फ्लॅग मिळालेला माणूस उरलेला अंदाजाने भरतो. इंग्रजी ओ आणि शून्य एकत्र येऊ देऊ नका, विशेषतः फ्लॅग चित्रातून वाचायचा असेल तर.

सर्व्हर

स्कोअरबोर्ड आणि चॅलेंजेस कधीही एका मशिनवर ठेवू नका. चॅलेंजेस फोडण्यासाठीच असतात, तेव्हा फुटल्यावर हल्लेखोराच्या हाती काय लागेल याचा विचार आधी करायचा.

प्रत्येक चॅलेंज स्वतंत्र कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकरने वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, ठेवा, आणि पॉन असेल तर प्रत्येक जोडणीला एनएसजेलसारखा स्वतंत्र पिंजरा द्या. नाहीतर एका टीमने टाकलेली फाइल दुसरीला मिळते. कंटेनर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवायचा नाही, फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती, मेमरी १२८ एमबी, प्रोसेसची संख्या ६४, सीपीयू अर्धा. प्रोसेसची मर्यादा विसरलात की एकच फोर्क बॉम्ब (स्वतःच्या प्रती काढत सुटणारा प्रोग्राम) सगळं मशिन झोपवतो. बाहेर इंटरनेटकडे जाणारी वाट बंद करा. क्लाउडवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता आवर्जून अडवा, कारण तिथून त्या मशिनला दिलेल्या क्लाउड-प्रवेशाच्या किल्ल्या मिळू शकतात. डॉकरचं सॉकेट कोणत्याही कंटेनरमध्ये जोडू नका. आणखी एक फसगत: डॉकर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये स्वतःचे नियम लिहितो, त्यामुळे यूएफडब्ल्यू या तिच्या सोप्या साधनातून बंद केलेलं पोर्ट डॉकरने प्रसिद्ध केलं की बाहेरून उघडं दिसतं. बाहेरच्या मशिनवरून पोर्ट स्कॅन करून खात्री करा, नियम वाचून नव्हे.

ब्राउझर चालवणाऱ्या बॉटची वेब चॅलेंजेस सगळ्यात जास्त मेमरी खातात. एका वेळी पाचच ब्राउझर, बाकीचे रांगेत, प्रत्येकाला २० सेकंद आणि विनंतीआधी छोटंसं प्रूफ ऑफ वर्क (विनंती करणाऱ्याच्या मशिनने आधी सोडवायचं गणित), असं ठेवलं की मशिन तग धरतं.

आता पहारा. प्रत्येक चॅलेंजची सॉल्व्हर स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी तिसऱ्याच मशिनवरून चालवा. पोर्ट उघडं आहे एवढं पाहून भागत नाही; डेटाबेस पुसला गेला तरी पोर्ट उघडंच राहतं. खरा फ्लॅग हाती आला तरच हिरवा दिवा, दोनदा चुकला की स्वयंसेवकांच्या गटात घंटा. स्कोअरबोर्डच्या डेटाबेसची प्रत दर १५ मिनिटांनी दुसऱ्या मशिनवर जाऊ द्या, आणि ती प्रत परत चढवून पाहण्याची तालीम एकदा करा.

दालन: वीज, तारा, वाय-फाय

विजेचा हिशेब कागदावर करा. एका लॅपटॉपला ९० वॉट धरले तर १६० लॅपटॉपना १४.४ किलोवॉट, २३० व्होल्टवर साधारण ६३ अँपिअर लागतात. १० अँपिअरच्या एका सर्किटवर पाचपेक्षा जास्त टीम नकोत. कोणता प्लग कोणत्या सर्किटवर आहे हे जागेच्या इलेक्ट्रिशियनकडून समजून घेऊन टेबलांच्या नकाशावर लिहा. एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही.

खेळाडूंना केबल द्या. प्रत्येक टेबलावर ८ पोर्टचा छोटा स्विच आणि मध्यभागी २४ पोर्टचे दोन मॅनेज्ड स्विच, एवढ्यात ४० टीम बसतात. प्रत्येक टेबलाला वेगळं व्हीलॅन (त्याच उपकरणांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) आणि ३० आयपी पत्त्यांचा छोटा पट्टा दिला की टीमना एकमेकांच्या लॅपटॉपपर्यंत पोचता येत नाही आणि कोणाच्या व्हर्च्युअल मशिनने चुकून पत्ते वाटायला सुरुवात केली तरी गोंधळ त्या टेबलापुरता राहतो. मुख्य स्विचवर लूप संरक्षण चालू ठेवा. एकाच केबलची दोन्ही टोकं एका छोट्या स्विचमध्ये खोचणारा कोणीतरी असतोच.

पत्ते निवडताना १७२.१७ ने सुरू होणारा पट्टा टाळा. डॉकर तोच पट्टा स्वतःसाठी घेतो, आणि डॉकर असलेल्या लॅपटॉपवरून तुमचा सर्व्हर दिसेनासा होतो. इतरांचं सगळं चालू आणि यांचंच बंद, त्यामुळे हे कोडं मदतकक्षाला तासभर सुटत नाही.

वाय-फाय पाहुण्यांसाठी. ३०० जण प्रत्येकी दोन उपकरणं आणतात, म्हणजे ६००. नेहमीचा २५४ पत्त्यांचा पट्टा सकाळीच संपतो. १०२२ पत्त्यांचा घ्या. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हीच तीन चॅनेल्स एकमेकांना न छेदणारी आहेत, तेव्हा भर ५ गिगाहर्ट्झवर द्या, तोही २० मेगाहर्ट्झ रुंदीने. व्याख्यानांचं रेकॉर्डिंग आणि वक्त्याचा लॅपटॉप यांची जोडणी या सगळ्यापासून अलग.

फॉरेन्सिक्सची मोठी फाइल हा शेवटचा सापळा. २ जीबीचा मेमरी डम्प (कंप्युटरच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत) ४० टीमनी उतरवला की ८० जीबी होतात. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण क्षमतेने धावली तरी पावणेदोन तास. फाइल दालनातल्याच सर्व्हरवर ठेवा, किंवा आदल्या दिवशी कूटबद्ध करून वाटा आणि सुरुवातीला फक्त पासवर्ड जाहीर करा.

व्याख्यानं आणि स्पर्धा यांचा मेळ

प्रस्तावांची पहिली फेरी नावं झाकून, तिघांकडून तपासून घ्या. लोकपरिषदेत ओळखीची नावं पुढे सरकण्याचा धोका मोठा असतो आणि पहिल्यांदा बोलणाऱ्याला संधी देणं हेच तर तिचं काम आहे. अर्जातच विचारा: त्रुटी सापडली असेल तर उत्पादकाला कळवलं का, कधी, आणि दुरुस्ती आली का? गूगलचा प्रोजेक्ट झिरो ९० दिवसांची मुदत पाळतो. तुम्हीही एक मुदत ठरवून लिहा. २५ मिनिटं व्याख्यान, ५ प्रश्नोत्तरं, १० बदलाबदल. प्रत्यक्ष डेमोचा व्हिडिओ वक्त्याकडे तयार हवाच. स्लाइडवरचा कोड २४ पॉइंटपेक्षा लहान नको, आणि उजेडाच्या दालनात काळ्या टर्मिनलवरची राखाडी अक्षरं दिसत नाहीत.

स्पर्धकांना व्याख्यानं चुकल्याची हळहळ असते. त्यावर चांगला तोडगा म्हणजे एका व्याख्यानाच्या विषयावर एक चॅलेंज बेतणं आणि ते व्याख्यान संपताक्षणी उघडणं. टीममधला एकजण तरी ऐकायला जातो.

नियम

एका पानात मावतील इतकेच, पण नेमके. स्कोअरबोर्ड, दालनाचं नेटवर्क, इतर टीम आणि पाहुणे यांच्यावर हल्ला नाही. सेवा बंद पाडायची नाही. फ्लॅगची देवाणघेवाण नाही. स्कोअरबोर्डमध्ये भोक सापडलं तर कोणाला सांगायचं ते लिहा आणि सांगणाऱ्याचं जाहीर कौतुक करा. एआय साहाय्यक चालतील की नाही हेही स्पष्ट लिहा. दालनात बंदी राबवणं जवळजवळ अशक्य आहे. परवानगी देऊन, त्यांच्यासह चाचणी करून काठिण्य ठरवणं हा जास्त प्रामाणिक मार्ग वाटतो. पहिल्याच घोषणेत वर्तनाचे नियम सांगा आणि तक्रार ऐकणाऱ्या दोन व्यक्तींची ओळख करून द्या.

प्रत्यक्ष दिवस

सर्व्हरकडे दोघं, मदतकक्षात दोघं, टेबलांमधून फिरणारी दोघं, घोषणेला एक, आणि प्रत्येक चॅलेंजचा लेखक फोनवर. सुरुवातीला एक नाममात्र चॅलेंज ठेवा: नियमांच्या पानाखाली लिहिलेला फ्लॅग टाकायचा. पहिल्या दहा मिनिटांत ज्या टीमने तो टाकला नाही तिच्या टेबलावर जा. बहुतेक वेळा केबल किंवा पत्ता बिघडलेला असतो आणि ते लाजेने सांगत नाहीत.

इशारा द्यायचा तर सगळ्यांना, एकाच क्षणी, लेखी. मदतकक्षात कोणालाही तोंडी 'हो, बरोबर दिशा' म्हणायचं नाही. निम्मा वेळ संपला आणि एखादं मध्यम चॅलेंज कोणालाच सुटलं नाही, तर आधी सॉल्व्हर पुन्हा चालवा, मग पहिला इशारा सोडा.

आडवाट उघडी पडली तर चॅलेंज गुपचूप बदलू नका. ज्यांनी सोडवलं त्यांचे गुण राहू द्या, आणि वाट बुजवून तेच चॅलेंज दुसऱ्या नावाने नव्याने आणा. चॅलेंजच सुटण्याजोगं नसेल तर मात्र लगेच मागे घ्या आणि मोठ्याने सांगा. त्यावर किती टीम वेळ घालवत बसल्या आहेत हे तुम्हाला दिसत नसतं.

शेवटच्या तासाला पडद्यावरचा स्कोअरबोर्ड गोठवा. काही टीम फ्लॅग साठवून शेवटी टाकतात. ते चालतं, पण त्या गर्दीसाठी सर्व्हर तयार हवा. वेळ संपल्यावर पहिल्या तीन टीमकडून दोन-दोन कठीण उत्तरं तोंडी समजावून घ्या. पंधरा मिनिटं पुरतात, आणि उसन्या फ्लॅगचा प्रश्न बक्षिसाआधी मिटतो.

त्यानंतर सर्व्हर बंद करू नका. आठवडाभर चालू ठेवा, उत्तरांची टिपणं आणि चॅलेंजचे फोल्डर खुले करा. जे चॅलेंज हातातून थोडक्यात निसटलं ते बहुतेक खेळाडू घरी गेल्यावर पुन्हा उघडून बसतात. आठव्या दिवशी मशिन पुसा, वापरलेल्या सगळ्या किल्ल्या आणि पासवर्ड रद्द करा, आणि नोंदणीतली नावं व फोन नंबर काढून टाका.